भरड आणि पीठ: कॅथलिक पश्चात्ताप समजून घेताना

जपानमधल्या नागासाकी परिसरात सतराव्या शतकात एक परीक्षा सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चालू राहिली. लहानथोर सगळ्यांनी एकेक करून पुढे यायचं आणि येशूच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवायचा. पाय ठेवला तो सुटला. जो कचरला तो ख्रिस्ती ठरला, आणि मग तुरुंग, छळ, मरण. त्या गावांमध्ये हजारो माणसं लपूनछपून ख्रिस्ती होती. बहुतेकांनी पाय ठेवला. मग घरी येऊन, दार लावून, ती माणसं एक प्रार्थना पुटपुटत. तिला ते ‘कोन्चिरिसान’ म्हणत.

शब्द कानाला जपानी वाटतो, पण तो पोर्तुगीज ‘कोंत्रिसांव’ आहे, जपानी जिभेवर रुळलेला. अर्थ, पश्चात्ताप.

जपानच्या राज्यकर्त्यांनी १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली आणि धर्मगुरूंना हाकलून दिलं. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. १६४४ मध्ये शेवटचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर १८६५ पर्यंत या लोकांजवळ पापनिवेदन ऐकायला एकही फादर नव्हता. सात पिढ्या जन्मल्या आणि मेल्या. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे गंभीर पापाची कबुली धर्मगुरूपुढे द्यायची असते. मग या माणसांच्या पापांचं काय झालं? ती तशीच राहिली का?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर पापक्षमेबद्दलची कॅथलिक शिकवण जवळजवळ सगळी समजते. म्हणून सुरुवात नागासाकीपासून केली. दुसरं कारण माझं घरचं आहे. मी वसईचा. आमचे संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन या साधूंच्या संघात बंधू झाले, जपानमध्ये दुभाष्याचं काम करत राहिले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर मारले गेले. त्या शहराचं नाव आमच्याकडे लहानपणापासून कानावर असतं.

आधी शब्दाकडे बघू. ‘कोंत्रिसांव’चं मूळ लॅटिन आहे, आणि त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे दळणे, चुरा करणे. मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांनी त्याच्या जोडीला दुसरा शब्द ठेवला, ‘अत्रिसिओ’. त्याच्या मुळाशी आहे घासणे, झिजवणे, अर्धवट फोडणे. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनस यांच्या नावावरच्या विवेचनात हा फरक अगदी असाच, कठीण वस्तू फुटण्याच्या उपमेने समजावलेला आहे. मराठी माणसाला त्यासाठी वेगळी उपमा शोधायला नको. जात्यात एकदा घातलं की भरड निघते, दाण्याचे तुकडे होतात पण दाणा कळतो. बारीक दळलं की पीठ होतं, दाणा उरतच नाही. पापाने दगड झालेलं मन अपूर्ण पश्चात्तापात भरडलं जातं आणि पूर्ण पश्चात्तापात त्याचं पीठ होतं.

मराठीत यासाठी ‘अनुताप’ हा शब्दही आहे, आणि मला तो फार आवडतो. वारकरी संतांनी तो जागोजागी वापरला आहे. मागाहून होणारा ताप, होरपळ. आमच्या चर्चमध्ये ‘पश्चात्ताप’ रूढ आहे, म्हणून इथे तोच वापरतो.

इटलीतल्या ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५५१ मध्ये पश्चात्तापाची व्याख्या केली. ती आजही तशीच शिकवली जाते. केलेल्या पापाबद्दल आत्म्याला होणारं दुःख, त्या पापाचा तिटकारा, आणि पुढे पाप न करण्याचा संकल्प. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. तिसरी अनेकांना नकोशी वाटते, पण तिच्याशिवाय पहिल्या दोन नुसती हळहळ ठरतात. दारू सोडायचा विचारही मनात नसताना सकाळी डोकं धरून ‘काल जास्तच झाली’ म्हणणारा माणूस दुःखी असतो हे खरं, पण त्याला पश्चात्ताप झालेला नसतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पश्चात्ताप म्हणजे रडू येणं असं बरेच जण धरून चालतात, आणि मग डोळे कोरडे राहिले की घाबरतात. शिकवण असं सांगत नाही. पश्चात्ताप हा इच्छेचा निर्णय आहे, भावना सोबत आली तर चांगलंच. आईच्या अंत्यविधीत न रडलेल्या मुलाचं आईवर प्रेम नव्हतं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

आणि उलट बाजूनेही पाहावं. नुसती बोचणी, नुसती लाज म्हणजेही पश्चात्ताप नव्हे. बायबलमध्ये एकाच रात्री दोन शिष्य येशूचा घात करतात. यहूदा तीस नाण्यांसाठी त्याला धरून देतो, आणि पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा म्हणतो की मी या माणसाला ओळखत नाही. दोघांनाही नंतर वाईट वाटतं. यहूदा तर नाणी परत नेऊन टाकतो आणि आपण निर्दोष माणसाला धरून दिलं हे तोंडाने कबूलही करतो. मग जाऊन गळफास घेतो. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडतो आणि परत येतो. दुःख कोणाला जास्त झालं हे मोजता येत नाही. फरक आहे तो दुःखाचं तोंड कुणीकडे होतं यात. यहूदाचं दुःख त्याला स्वतःच्याच आत खेचत गेलं. पेत्राचं त्याला ज्याचा अपराध केला त्याच्याकडे घेऊन गेलं. मला विचाराल तर सगळ्या शिकवणुकीतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे, आणि प्रवचनांत त्याला मिळायला हवा तितका वेळ मिळत नाही.

आता भरड आणि पीठ यांतला फरक. पुस्तकी भाषेत तो असा: देवावरच्या प्रेमापोटी, इतक्या चांगल्याला आपण दुखावलं या जाणिवेतून आलेला तो पूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस किंवा नरकाची आणि शिक्षेची भीती यांतून आलेला तो अपूर्ण.

माझ्या आयुष्यातली गोष्ट सांगतो. मी दहा वर्षांचा असताना आजीच्या उशाखालच्या बटव्यातून दहा रुपये चोरले आणि सणाच्या जत्रेत उडवले. आजी पहाटेच्या लोकलने दादरला भाजी विकायला जायची, तिचे ते पैसे. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा मनात दोनच गोष्टी होत्या, वडिलांचा पट्टा आणि नरक. फादरना सांगितलं. त्यांनी तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या आणि वर म्हणाले, ‘पैसे परत ठेव, जमतील तसे.’ क्षमा झाली. मी उड्या मारत घरी आलो.

दोनतीन आठवड्यांनी एका दुपारी मित्राच्या घराच्या ओट्यावरून आजी येताना दिसली. डोक्यावर रिकामी टोपली, कपाळावर घाम, स्टेशनपासून भर उन्हात चालत. एसटी तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघून गेली. तिकिटाचे पैसे वाचवायला ती चालत होती. तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते आजही आठवतं. पट्टा नव्हता, नरक नव्हता, कोणी पकडणार नव्हतं, पाप तर माफही झालं होतं. फक्त ती चालत होती, आणि मी तिचेच पैसे उडवले होते.

रांगेत उभा असताना माझी भरड झाली होती, ओट्यावर पीठ झालं. (माझं पापनिवेदन मी इथे खुशाल सांगू शकतो. तोंड बंद ठेवण्याचं बंधन फादरवर असतं, सांगणाऱ्यावर नसतं.)

मग रांगेत उभं राहून भीतीपोटी मिळवलेली क्षमा खोटी होती का? यावर चर्चमध्ये मोठे वाद झाले. एका बाजूचे म्हणत, प्रेम नसेल तर क्षमा कसली? दुसरे म्हणत, भीतीही देवाचीच देणगी आहे, तिच्या वाटेने आलेल्याला दारातून परत पाठवू नका. सतराव्या शतकात हे भांडण इतकं विकोपाला गेलं की १६६७ मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी हुकूम काढला: दोन्ही बाजूंनी एकमेकांना दोषी ठरवणं थांबवावं. ट्रेंटने मूळ चौकट आधीच घालून दिली होती. पूर्ण पश्चात्ताप माणसाचा देवाशी समेट घडवतो, पापनिवेदन प्रत्यक्ष होण्याआधीच. अपूर्ण पश्चात्ताप एकटा ते करू शकत नाही, पण तो माणसाला पापनिवेदनाच्या संस्कारापर्यंत आणतो, आणि तिथे क्षमा मिळते. त्यात मनापासून पाप सोडण्याची तयारी मात्र हवी. मनात पाप घट्ट धरून ठेवून केवळ शिक्षेला घाबरणं अपूर्ण पश्चात्तापातही बसत नाही.

जुने पंडित म्हणत की भरडलेलं मन घेऊन येणारा माणूस संस्काराच्या कृपेने पीठ होऊन परत जातो. यात मला चर्चचं आईपण दिसतं. पूर्ण पश्चात्ताप दुर्मीळ असो वा नसो, तो हमखास जमेल असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. दहा वर्षांच्या पोराला, मरणाच्या भीतीने गांगरलेल्याला, व्यसनात खोल रुतलेल्याला, ‘आधी तुझं प्रेम शुद्ध कर, मग ये’ असं सांगितलं असतं तर कितीजण आले असते?

पश्चात्तापाची जी नेहमीची प्रार्थना आम्ही म्हणतो तिच्यात दोन्ही हेतू शेजारी शेजारी ठेवले आहेत. स्वर्ग गमावण्याची आणि नरकाची भीती वाटते म्हणून, आणि त्याहीपेक्षा जास्त, हे देवा, तू सर्वस्वी चांगला आहेस आणि मी तुला दुखावलं म्हणून. ‘त्याहीपेक्षा जास्त’ म्हणताना जीभ किती खरी असते हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण प्रार्थना माणसाला त्या दिशेने ढकलत राहते.

आता हिंदू मित्रांकडून आयुष्यभर ऐकलेला प्रश्न. ‘तुमचं बरं आहे, पाप करायचं, फादरला सांगायचं, मोकळं व्हायचं, परत करायचं.’ बोलणारा सहज बोलून जातो, पण प्रश्न रास्त आहे, आणि वरचं सगळं वाचल्यावर उत्तर सोपं होतं. ‘परत करायचं’ हे ठरवून जो जातो त्याच्यात संकल्प नाही. संकल्प नाही म्हणजे पश्चात्ताप नाही. आणि पश्चात्तापच नसेल तर फादरनी क्षमेचे शब्द हजारदा उच्चारले तरी क्षमा होत नाही. उलट संस्काराची विटंबना केल्याचं आणखी एक पाप पदरात पडतं. पश्चात्ताप नाहीच हे स्पष्ट दिसलं तर क्षमा नाकारणं हे फादरचं कर्तव्य आहे.

पुन्हा पडण्याची भीती असणं मात्र वेगळं. ‘मी पुन्हा पडेन असं वाटतं, पण पडायची इच्छा नाही’ असं म्हणणाऱ्याचा संकल्प खरा आहे. संकल्प म्हणजे भविष्याची हमी नव्हे. ज्या वाटेने गेल्यावर दरवेळी पाय घसरतो ती वाट सोडायची तयारी मात्र त्यात धरलेली असते. ती मैत्री, तो अड्डा, रात्री उशिरा हातात येणारा तो मोबाइल.

पापनिवेदनात प्रत्यक्ष काय होतं तेही सांगून टाकतो, कारण सिनेमातल्या जाळीदार लाकडी खोलीपलीकडे बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नसतं. आधी स्वतःशी बसून आत्मपरीक्षण. मग फादरपुढे कबुली. गंभीर पापं प्रकाराने आणि संख्येने सांगायची, तपशील रंगवायचे नाहीत, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासूच्या किंवा सुनेच्या चुका सांगत बसायचं नाही. गंभीर पाप कशाला म्हणायचं? गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे ठाऊक हवं, आणि जाणूनबुजून केलेली हवी. तिन्हींपैकी एक नसेल तर दोष हलका होतो. हलकी पापं प्रार्थनेने, मिस्साने म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेने, प्रेमाच्या कृत्यांनीही धुतली जातात, पण तीही सांगावीत असा सल्ला आहे. मग फादर दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता, आणि ते हात पुढे करून क्षमेचे शब्द उच्चारतात: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो. पाच मिनिटांत सगळं आटपतं. गोव्यात याला कुमसार म्हणतात, आमच्याकडे पापनिवेदन किंवा सरळ कन्फेशन.

प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत आहे असं कोणी समजू नये. क्षमा फुकट आहे. पण मी दगड मारून शेजाऱ्याची काच फोडली आणि त्याने मोठ्या मनाने माफ केलं, तरी काच फुटलेलीच राहते. चोरलेलं परत करणं, कोणाची बदनामी केली असेल तर ती पुसायचा प्रयत्न करणं, न्यायाने देणं लागतो ते देणं, हे क्षमेनंतरही उरतं. आजीच्या बटव्यातल्या त्या दहा रुपयांसारखं. मी ते खाऊच्या पैशातून आठ आणे, रुपया असे परत ठेवले. आजीला ते कळलं असावं असं आता वाटतं, कारण त्या दिवसांत तिने बटव्याची जागा बदलली नाही.

आता खरा अवघड प्रश्न. पूर्ण पश्चात्तापाने देव थेट क्षमा करतो, तर मध्ये माणूस कशाला? आपल्या महाराष्ट्रातली प्रोटेस्टंट मंडळी नेमकं हेच विचारतात, आणि ती कबुली थेट देवापुढे देतात.

कॅथलिक उत्तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायापाशी सुरू होतं. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू बंद दारांआड बसलेल्या शिष्यांवर फुंकर घालतो आणि म्हणतो, तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांना क्षमा झाली, ज्यांची ठेवाल त्यांची तशीच राहिली. क्षमा करायची की ठेवायची हे ठरवायला आधी ऐकावं लागतं. आणि जे ऐकतात तेही पापीच आहेत. तीनदा नाकारणारा पेत्र त्या खोलीत होता. फादर स्वतःच्या खिशातून क्षमा देत नाही. तो दुसऱ्या फादरपुढे गुडघे टेकतो. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या बॅसिलिकात लोकांची पापनिवेदनं ऐकायला निघाले आणि आधी स्वतःच एका फादरपुढे गुडघ्यांवर बसले, तो फोटो जगभर गेला. स्वतःला क्षमा देण्याचा अधिकार पोपलाही नाही.

दुसरं कारण असं की कॅथलिक समजुतीप्रमाणे पाप कधीच खासगी नसतं. ते चर्चच्या सगळ्या समुदायाला जखमी करतं. पहिल्या शतकांत हे उघड दिसायचं. स्नानसंस्कारानंतर, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर, खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग घडला तर माणसाला जाहीर प्रायश्चित्त करावं लागे, वर्षानुवर्षं, आणि तेही आयुष्यात एकदाच. ३९० मध्ये ग्रीसमधल्या थेस्सलोनिकात सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, द्यायला नकार दिला, आणि रोमन सम्राटाला सगळ्यांदेखत प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ही पद्धत भव्य होती, पण फार कठोर. संधी एकदाच, म्हणून लोक ती मरणशय्येपर्यंत राखून ठेवू लागले. मग सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासी साधूंनी दुसरी रीत युरोपभर नेली: एकांतात सांगायचं, हवं तितक्यांदा सांगायचं. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन प्रत्येकावर बंधनकारक केलं, आणि ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावण्याची शिक्षा ठरवली. जाळीची लाकडी खोली त्याहून बरीच अलीकडची, सोळाव्या शतकातली. मिलानचेच आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी ती रूढ केली.

ऐकलेलं फोडायचं नाही हा नियम आजही निरपवाद आहे. खुनाची कबुली असली तरी, फादरचा स्वतःचा जीव जात असला तरी. प्रागमध्ये १३९३ साली जॉन नेपोमुक या धर्मगुरूला राजाने नदीत बुडवून मारलं. राणीचं पापनिवेदन सांगायला नकार दिला म्हणून, अशी परंपरा आहे. इतिहासकार त्यामागे राजा आणि चर्च यांच्यातलं सत्तेचं भांडण पाहतात. बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये या गुप्ततेलाही कायद्याने अपवाद करावा अशी शिफारस केली. चर्चने ती मानली नाही. त्या पीडितांचा संताप मला पूर्ण न्याय्य वाटतो, आणि चर्चमधल्या अधिकाऱ्यांनी पापनिवेदनाच्या बाहेर जे कळलेलं दडपलं त्याला कसलीही सबब नाही. तरीही ही एक जागा बंदच राहावी असं माझं मत आहे. दार उघडं राहील असं कळलं तर गुन्हेगार तिथे येणारच नाही, आणि ‘जा, पोलिसांपुढे हजर हो’ असं त्याच्या तोंडावर सांगणारं कोणीच उरणार नाही.

तिसरं कारण सांगायला परिषदांची गरज नाही. मनातल्या मनात मागितलेली क्षमा मिळाली की नाही, हे आपलं आपल्याला कसं कळणार? मी दुसऱ्यालाही फसवू शकतो, पण त्याआधी स्वतःला फसवतो. पाप शब्दांत आणून दुसऱ्या माणसाच्या कानांवर घातलं की त्याचं खरं माप समजतं. आणि मग ‘तुला क्षमा झाली’ हे बाहेरून, दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येतं. अतिचिकित्सक मनाला तर याची फारच गरज असते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसात असताना जुनी पापं पुन्हा पुन्हा उकरत राहिले, प्रत्येक कबुलीनंतर काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटे. हा छळ इतका वाढला की जीव द्यावासा वाटू लागला. शेवटी त्यांनी ठरवलं की एकदा सांगितलेलं पुन्हा उकरायचं नाही. तो पश्चात्ताप नव्हता, आजार होता. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी एकच फादर धरावा आणि त्याच्या शब्दावर थांबावं, असं चर्च सांगतं.

आता नागासाकीला परत जाऊ. पूर्ण पश्चात्ताप पापनिवेदनाआधीच समेट घडवतो, पण त्यात एक गोष्ट अंतर्भूत असते: शक्य होईल तेव्हा पापनिवेदन करीन ही इच्छा. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चर्चची दारं बंद झाली तेव्हा रोमने नेमकी हीच जुनी शिकवण जगाला पुन्हा सांगितली. फादर मिळत नसेल तर मनापासून पश्चात्ताप करा, शक्य होताच पापनिवेदन करीन असा निश्चय करा, गंभीर पापांचीही क्षमा मिळते. त्या वर्षीच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, घरात अडकलेलो असताना, मी पहिल्यांदाच पश्चात्तापाची प्रार्थना रांगेतल्या घाईशिवाय म्हटली.

जपानमध्ये बंदी येण्याच्या अकरा वर्षं आधी, १६०३ मध्ये, पूर्ण पश्चात्ताप कसा करावा हे सांगणारी एक छोटी पोथी जपानी भाषेत तयार झाली होती. पुढे काय वाढून ठेवलंय याची चाहूल तेव्हा लागलेलीच होती. अडीचशे वर्षं माणसं ती हाताने उतरवून घेत राहिली, तोंडपाठ करत राहिली, प्रतिमेवर पाय ठेवून आल्यावर म्हणत राहिली, मरणाऱ्याच्या कानात सांगत राहिली. आणि तेवढ्यावर ती समाधानी नव्हती. बास्त्यान नावाच्या त्यांच्या एका जपानी धर्मशिक्षकाचं भाकीत ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली: सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे येतील, आणि मग दर आठवड्याला कबुली देता येईल. पश्चात्तापाने क्षमा मिळते हे ठाऊक असलेली ही माणसं तरीही ऐकणाऱ्याची वाट पाहत होती.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावची पंधराएक माणसं आली. ते चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलेलं होतं, म्हणजे आमच्या गोन्सालो गार्सियांच्याही नावाने. फ्रेंच धर्मगुरू बर्नार्ड पेतीजाँ प्रार्थना करत होते. एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, आमचं अंतःकरण तुमच्यासारखंच आहे. मग तिने मरियामातेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. तेही उपवासकाळाचे दिवस होते, आणि आपण दुःखाचा काळ पाळत आहोत हे त्या लोकांनीच फादरना सांगितलं.

बंदी अजून उठली नव्हती, पुढेही काही वर्षं उठणार नव्हती. पण पापनिवेदन ऐकणारे आले होते. चार वर्षांनी, १८६९ मध्ये, पेतीजाँ यांनी त्या लोकांनी जपून ठेवलेली पश्चात्तापाची पोथी घेतली आणि त्यांच्यासाठी नव्याने छापून दिली.